मोटार उद्योगाचा भूगोल

मोटारीचा कारखाना कुठे उभा राहतो, कुठे फोफावतो आणि कुठे बंद पडतो, यामागच्या भौगोलिक कारणांचा हा विषय. पोलाद, बंदर, गिऱ्हाईक, जमीन, कसबी कामगार ही सगळी कारणे खरी. पण मोटारीच्या बाबतीत सर्वांत जड पारडे पुरवठादारांच्या जवळिकीचे असते. नागपूर हा याचा बोलका दाखला आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या लोहमार्गांची फुली इथे पडते, राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथेच भेटतात. तरीही पुण्यासारखा मोटार उद्योग इथे रुजला नाही.

मोटारीला हजारो सुटे भाग लागतात. त्यांतले सीट, बंपर, डॅशबोर्ड, इंधनाची टाकी हे वजनाला हलके आणि जागा खाणारे. ते लांबून आणायचे म्हणजे भाडे भरून ट्रकमधून हवा वाहण्यासारखे आहे. म्हणून असे भाग करणारे कारखान्याच्या आसपासच बस्तान मांडतात. लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवण्याची टोयोटाची पद्धतही अशाच शेजारावर उभी राहिली. जपानमधल्या कोरोमो शहराने तर १९५९ मध्ये स्वतःचे नावच टोयोटा करून घेतले.

पुण्यात हेच घडले. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात एमआयडीसी, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज आले; त्यांच्या मागोमाग धातू ओतणाऱ्या फौंड्र्या, हत्यारे घडवणाऱ्या टूलरूम, डाय म्हणजे साचे बनवणारे छोटे कारखानदार आले. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. पुढे चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आले, तेव्हा फिटरपासून पुरवठादारापर्यंत सारे तयार होते आणि न्हावा-शेवा बंदर घाट उतरला की हाताशी होते. नागपूरहून तेच बंदर आठशे किलोमीटरच्या पलीकडे. नागपूरच्या कंटेनर डेपोमुळे निर्यातीचे कागद इथेच पुरे होतात, भाडे मात्र चुकत नाही.

धोरणानेही भूगोल बदलतो, आणि विदर्भाच्या बाबतीत हे विसरले जाऊ नये. भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. नागपूरपासून तो जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवर. पण मालवाहतूक समानीकरणाच्या धोरणामुळे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशभर जवळपास एकाच भावाने मिळत असे. भिलाईच्या जवळ असण्याचा नागपूरला मिळू शकणारा फायदा त्यातच विरला, किनाऱ्याजवळच्या शहरांचे बंदर मात्र त्यांच्याकडेच राहिले.

जे इथे टिकले त्यालाही भूगोलाचाच आधार आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक बंदरापलीकडे नसून विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इथल्या शेतांत आहे, आणि त्या हिशेबात नागपूर खरोखर मध्यावर येते. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडच्या ट्रकांचे गिअरबॉक्स बनतात. जड, आटोपशीर आणि किमती असलेला असा भाग लांबचा प्रवास सोसतो.

कारखाना जगवण्यात जागेचा वाटा असतो, पण जागा सर्वस्व नव्हे. हिंदुस्तान मोटर्सने १९४८ मध्ये गुजरातमधले ओखा सोडून कोलकात्याजवळचे उत्तरपाडा गाठले. तिथली अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली ती मुख्यतः जुन्या गाडीला गिऱ्हाईक उरले नाही म्हणून. मुंबईतल्या कुर्ल्यात प्रीमियरची पद्मिनी मोटार बनायची. मुंबईने त्या कारखान्याला वेढले आणि उत्पादनापेक्षा जमीनच मोलाची ठरली. अमेरिकेतल्या मोटारींच्या डेट्रॉइट शहराच्या भरभराटीचे श्रेय महासरोवरांना आणि त्यांवरून येणाऱ्या लोहखनिजाला देण्याची रीत आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेपर यांनी वेगळी बाजू मांडली: ओल्ड्ससारख्या यशस्वी कंपन्यांत शिकलेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी जवळच नव्या कंपन्या काढल्या. हे म्हणणे नागपूरला चपखल लागू पडते. अशी मोटारीची जुनी थोरली कंपनीच इथे नव्हती, मग तिच्यातून फुटणारे कारखाने कुठून यायचे?

अलीकडे दोन गोष्टींनी चित्र हलले आहे. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर करासाठी राज्याराज्यांत गोदामे ठेवण्याची गरज कमी झाली आणि देशभर सुटे भाग पाठवायला मध्यवर्ती नागपूर सोयीचे ठरू लागले. दुसरी गोष्ट समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने मुंबईकडचा प्रवास तासांनी घटला. निर्यातीच्या कंटेनरला याचा उपयोग आहेच. चाकणच्या पुरवठादाराला मात्र सीट रोज पाळीगणिक नागपुरात पोचवणे या रस्त्यानेही परवडणारे नाही. त्यासाठी त्याला नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतच शेड टाकावी लागेल.