केमो-इम्युनोथेरपीतील रक्तपेशींची तीव्र घट

केमोथेरपीसोबत पेंब्रोलिझुमॅबसारखे इम्युनोथेरपीचे (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणारे) औषध चालू असताना न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन धोकादायक पातळीपर्यंत उतरणे. फुफ्फुसाच्या कर्करोगात कार्बोप्लॅटिन व पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधांच्या जोडीने पेंब्रोलिझुमॅब देतात. आधी दोष कोणत्या औषधाचा हे शोधावे लागते. केमोने अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी तयार करणारा गाभा) दबली असेल तर ती सावरेपर्यंत रुग्णाला जपायचे असते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटली असेल तर स्टेरॉइड लागते. निदान चुकले तर स्टेरॉइडने जंतुसंसर्ग बळावतो, किंवा वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात.

पहिली खूण वेळेची. केमोनंतर न्यूट्रोफिल बहुधा ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात; कार्बोप्लॅटिनमुळे प्लेटलेट त्याहून उशिरा उतरतात. चार आठवड्यांनंतरही पेशी वर येत नसतील, किंवा एकच प्रकार एकाएकी कोसळला असेल, तर इम्युनोथेरपीचा संशय घ्यावा. मात्र ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचे औषधही काही तासांत प्लेटलेट पाडू शकते. पेमेट्रेक्सेडचा रक्तपेशींवरचा दुष्परिणाम कमी करण्यासाठी सोबत दिलेली फॉलिक अॅसिड आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे चुकली नाहीत ना, हे विचारायलाच हवे.

न्यूट्रोफिल ५०० (प्रति मायक्रोलिटर) च्या खाली आणि ताप १०१ फॅ. (किंवा १००.४ फॅ. तासभर टिकलेला) असेल, तर कारणाची चर्चा नंतर. कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे, उदाहरणार्थ पिपरासिलिन-टाझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ६ तासांनी. रिपोर्टसाठी थांबू नये. पुढच्या फेरीत न्यूट्रोफिल वाढवणारे फिलग्रास्टिम (रोज ५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो) केमोनंतर किमान २४ तासांनी द्यावे. त्याआधी दिल्यास नव्याने विभाजित होणाऱ्या पेशीच केमोला बळी पडतात.

हिमोग्लोबिन घटताना रेटिक्युलोसाइट (नव्या, अपक्व तांबड्या पेशी) व एलडीएच (फुटलेल्या पेशींतून रक्तात येणारे एन्झाइम) वाढले, कूम्ब्स चाचणी (तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी) पॉझिटिव्ह आली, तर प्रतिकारशक्तीमुळे तांबड्या पेशी फुटत आहेत असे समजावे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो सुरू करतात. क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का, ही चाचणी) जुळत नाही म्हणून जीवघेण्या रक्तक्षयात रक्त रोखून धरू नये. प्रतिकारजन्य प्लेटलेट-घटीत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होतात. रक्तस्राव असल्यास स्टेरॉइडला शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे; १ ग्रॅम प्रतिकिलो) जोड देतात. न हटणारा ताप, सगळ्याच पेशींची घट आणि फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) १०,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर दिसल्यास एचएलएच (प्रतिकारपेशी बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळतात) या दुर्मिळ, जीवघेण्या विकाराचा तपास त्याच दिवशी करावा.

केमोचा डोस कमी करता येतो; इम्युनोथेरपीचा करत नाहीत, ती थांबवतात, आणि प्रतिकारजन्य घट जीवघेणी असल्यास बहुधा कायमची. स्टेरॉइड ४ ते ६ आठवड्यांत उतरवतात. तोवर फुफ्फुसाच्या जंतुसंसर्गापासून को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकचे संरक्षण द्यावे, आणि स्टेरॉइड पुरे न पडल्याने रिटुक्सिमॅबची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी कमी करणारे औषध) वेळ आल्यास आधी हिपॅटायटिस बी तपासावा.