ग्राहक अठरा वर्षांखालचा असला तरी खराब वस्तूचे पैसे परत मिळतात

आमच्या दुकानातून दप्तर, कॅल्क्युलेटर, इअरफोन, स्मार्ट घड्याळ, सायकल घेणारी शाळा-कॉलेजातली मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. यातले कायदे आम्हालाच नव्हे, तर सगळ्या दुकानांना लागू आहेत. घरी जपून ठेवा.

खराब निघालेली वस्तू घेऊन मूल एकटेच दुकानात गेले की "आधी आई-बाबांना घेऊन ये" असे उत्तर मिळते. मूल घरी जाते, घरी सांगायला कचरते आणि वस्तू कपाटात पडून राहते. हे चुकीचे आहे. काउंटरवर वस्तू दाखवून दोष सांगण्यासाठी, ती बदलून किंवा पैसे परत मागण्यासाठी वयाची अट नाही.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ग्राहकाच्या व्याख्येत वय आलेलेच नाही. स्वतःच्या वापरासाठी पैसे मोजून वस्तू घेणारा ग्राहक असतो आणि त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक असतो. आईने आपल्या नावावर बिल करून मुलीला सायकल घेतली, तर दोघींनाही हक्क आहे. मामाने भेट दिलेल्या घड्याळाचेही तसेच. बिलावर भाच्याचे नाव नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

काही विक्रेते करार कायद्याकडे बोट दाखवतात. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीला करार करता येत नाही आणि तिने केलेला करार रद्दबातल असतो, हे खरे आहे. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात तेच सांगितले. पण त्या खटल्यात कर्ज देणारा सावकार अज्ञान मुलाच्या गहाण मालमत्तेवर हक्क सांगत होता आणि निकालाने संरक्षण मिळाले ते मुलाला. मुलाकडून रोख पैसे घेऊन सदोष वस्तू विकणाऱ्याने हा नियम ढाल म्हणून पुढे करावा, हे आम्हाला अजिबात पटत नाही. पैसे घेताना ज्याचे वय विचारले नाही, त्याचे वय पैसे परत करताना विचारू नये.

२०१९ च्या कायद्यातली आणखी एक तरतूद प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावी. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर ती मुदत, नसेल तर ३० दिवस. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. सेलमध्ये घेतलेल्या वस्तूचा हक्कही बुडत नाही. "या बॅगेच्या कप्प्याला डाग आहे" असे आधीच दाखवून स्वस्तात दिली असेल, तर मात्र त्या डागाबद्दल नंतर तक्रार चालत नाही.

रंग आवडला नाही, माप चुकले, मित्राकडे वेगळे मॉडेल आहे, हा दोष नव्हे. तिथे दुकानाचा स्वतःचा नियम चालतो. आमचा नियम असा: न वापरलेली वस्तू लेबलसह ७ दिवसांत आणल्यास बदलून मिळेल. घरी न सांगता मुलाने महागडी वस्तू घेतली असेल, तर त्याच मुदतीत पालकांनी ती न वापरलेल्या स्थितीत आणावी. पूर्ण पैसे परत देऊ.

दोष की वापरातले नुकसान?

वादाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते, म्हणून वस्तूवार सांगतो.

साधा कॅल्क्युलेटर घेतानाच ८ चे बटण दाबत पडदा पूर्ण भरा. प्रत्येक आठच्या सातही रेघा ठळक दिसायला हव्यात. मधली रेघ उमटली नाही तर ८ चा ० दिसतो. वरची उजवी गेली तर ६ आणि खालची डावी गेली तर ९. गणित बरोबर येऊनही उत्तर चुकीचे लिहिले जाते, आणि हे कळते ते परीक्षेत. रेघ गायब असेल तर तो बनावटीतला दोष. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर तो दाब पडून काच फुटल्याचा परिणाम. वॉरंटीत बसत नाही.

दप्तराचा पट्टा निघाला तर शिवणीची भोके पाहा. कापड शाबूत आहे आणि दोराच सुटला, तर शिवण कच्ची होती. पहिल्या आठवड्यात सुटो की तिसऱ्या महिन्यात, आम्ही दोषच मानतो. चेन लावल्यावर मागून उघडत असेल आणि दात सगळे जागेवर असतील, तर रनर सैल आहे. तो जागच्या जागी बदलून मिळतो, त्यासाठी बॅग बदलायची गरज नाही.

इअरफोनच्या एका बाजूचा आवाज गेला तर आधी जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, कारण कानातला मळ साचून आवाज दबतो. मग दुसऱ्या फोनवर लावून पाहा. ब्लूटूथचे असतील तर फोनमधून जोडणी काढून नव्याने जोडा. तरीही आवाज नसेल तर घेऊन या. पाण्यात पडले असतील तर तसे सांगा. खोटे सांगितल्याने फायदा होत नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये उघडल्यावर गंज दिसतोच.

स्मार्ट घड्याळ चार्ज होत नसेल, तर घामाने पिनांवर हिरवट-काळा थर बसला आहे का ते पाहा. सुक्या कपड्याने पुसला की बहुधा काम होते. मात्र मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा घड्याळ फुगले असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, दप्तरात टाकून शाळेत नेऊ नका. त्याच दिवशी आणा, बिल नंतर शोधू.

नव्या सायकलचे ब्रेक सुरुवातीला सैल होतात, कारण केबल ताणली जाते. स्पोकही थोडे ढिले पडतात. हे पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये घट्ट करायचे असते, दोष नव्हे. पण हँडलखालच्या नळीच्या वेल्डिंगजवळ रंगाला बारीक भेग दिसली, तर ती सायकल चालवून आणू नका. ढकलत किंवा टेम्पोतून आणा.

येताना काय आणायचे

वस्तू आणि खरेदीचा पुरावा. छापील बिलाचा कागद उष्णतेने पुसट होतो. खिडकीत किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेले बिल काही महिन्यांत कोरे दिसू लागते. म्हणून घेतल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा. बिल हरवले तर यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक किंवा बँकेचा मेसेज चालतो. खोका नाही म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही.

काउंटरवर तुम्हाला एक चिठ्ठी मिळेल. तीत तारीख, वस्तू, मुलाने सांगितलेला दोष आणि आमची सही असते. तिच्याशिवाय वस्तू कुठल्याच दुकानात ठेवून येऊ नका. "कंपनीकडे जा" म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. तक्रार दुकान आणि कंपनी दोघांविरुद्धही करता येते.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जातात. वडिलांच्या यूपीआयवरून दिले असतील तर वडिलांच्याच खात्यात. दुसरा नंबर सांगितला तरी त्यावर आम्ही पाठवत नाही, कारण त्यात फसवणूक होते. रोख ५०० रुपयांपर्यंत मुलाच्याच हातात देतो, त्याहून जास्त असेल तर आधी पालकांना फोन करतो. पैशांऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्याच रकमेची पुढच्या खरेदीत वापरायची चिठ्ठी, हवी की नको, हे तुम्ही ठरवायचे.

दुकानाने नकार दिला तर

आम्ही दिला तरी हेच करा. आधी लेखी मागणी करा: ईमेल किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्ट, खरेदीची तारीख, दोष, काय हवे आणि १५ दिवसांची मुदत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठेवा. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचे असते.

तरीही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. अज्ञान ग्राहकाच्या वतीने आई, वडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करतात. अर्जावर नाव असे येते: "कु. (मुलीचे नाव), वय १५ वर्षे, अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई (आईचे नाव)". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. सोबत मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा, बिल, पत्रव्यवहार आणि शपथपत्र जोडा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. ती ऑनलाइनही दाखल होते.

मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे मूल अठराचे होईपर्यंत थांबू नका. आयोगाला वाटले तर वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवली जाते. म्हणून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे ती उघडू नका. एकदा उघडली की दोष मूळचा होता की उघडताना झाला, हे सिद्ध करणे कठीण जाते.

वस्तूमुळे मुलाला इजा झाली असेल, उदाहरणार्थ चार्जरने हात भाजला, तर केवळ किमतीवर तडजोड करू नका. २०१९ च्या कायद्यात सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याची वेगळी तरतूद आहे. डॉक्टरांचे कागद, जखमेचा त्याच दिवशीचा फोटो आणि जळालेला चार्जर, तिन्ही जपून ठेवा. खेळण्यांच्या बाबतीत आयएसआय चिन्हही पाहा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.