‘धिस इज अमेरिका’मधला गिटारवाला कोण?

मे 2018 मध्ये अमेरिकी रॅपर चाइल्डिश गॅम्बिनोच्या ‘धिस इज अमेरिका’ या गाण्याचा व्हिडिओ आला आणि लगेच एक दावा फिरू लागला: सुरुवातीला खुर्चीवर बसून गिटार वाजवणारा माणूस म्हणजे ट्रेव्हॉन मार्टिनचे वडील. 2012 साली फ्लोरिडात गोळी घालून मारलेल्या 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे वडील! अंगावर काटा आणणारी गोष्ट, पण खोटी. तो कलाकार म्हणजे कॅल्व्हिन द सेकंड या नावानं गाणारा संगीतकार.

चेहऱ्यातलं थोडं साम्य आणि दाढी, एवढ्यावर लोकांनी गोष्ट रचली. मला खटकतं ते हे, की या नादात समोरचं दृश्य निसटतं. गॅम्बिनो नाचत नाचत गिटारवाल्याच्या मागे येतो, तोवर त्या गिटारवाल्याच्या डोक्यावर पिशवी चढलेली असते. गॅम्बिनो वाकडी पोझ घेऊन गोळी झाडतो. (ही पोझ जिम क्रोच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या पात्राच्या, जुन्या व्यंगचित्रावरून घेतल्याचं अनेकांचं मत आहे, आणि ते पटतं.) मग शाळकरी गणवेशातला एक मुलगा लाल कापड घेऊन धावत येतो, बंदूक अलगद त्यात ठेवली जाते. प्रेत मात्र फरफटत नेलं जातं. पुढे गायकवृंदावर गोळ्या झाडल्यानंतरही बंदुकीचा मान तसाच.

दिग्दर्शक हिरो मुराई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ नाचणाऱ्यांना चिकटून फिरतो. मागे धावपळ आणि दंगल चालू असते, पांढरा घोडाही जातो. पहिल्यांदा बघताना तो किती जणांना दिसतो?