कव्हर लेटर

कव्हर लेटर म्हणजे नोकरीसाठी अर्ज करताना रिझ्युमेसोबत द्यायचं साधारण एका पानाचं पत्र, आणि आता तर ते वेगळं पानही नसतं बऱ्याचदा, ईमेलमध्ये जो मजकूर लिहितो तेच कव्हर लेटर. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, तारखा हे सगळं रिझ्युमेत येतंच, पत्रात फक्त एवढं सांगायचं असतं की तुम्हाला या जागेवर जे काम करून हवंय ते मला येतं आणि हे बघा कशावरून येतं.

या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध जुनं पत्र लिओनार्दो दा विंचीचं आहे. १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मिळावं म्हणून त्याने ते तयार केलं, मसुदा 'कोडेक्स अटलांटिकस' या त्याच्या कागदांच्या संग्रहात आजही आहे, आणि प्रत्येक उमेदवाराने ते एकदा वाचावंच. माणूस एवढा मोठा चित्रकार, पण पत्राची सुरुवात चित्रांपासून नाहीच. स्फोर्झाला लढायांची चिंता होती, म्हणून आधी उचलून नेता येतील असे हलके पूल, मग वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी कसं काढायचं, मग तोफा, वरून झाकलेले युद्धाचे गाडे, असं एकेक मुद्दा घालून लिहिलंय. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेईन, हे त्यानंतर, आणि शिल्पकला-चित्रकला अगदी शेवटाला. त्यातसुद्धा स्फोर्झाच्या दिवंगत वडिलांच्या गौरवासाठी ब्राँझचा घोडा करता येईल हे आठवणीने घातलंय, आणि यातलं काही अशक्य वाटलं तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो असंही. पुढे १४९९ पर्यंत तो मिलानमध्येच होता.

आपल्याकडे मराठी शाळेत शिकलेल्यांना अर्जाचा साचा पाठ असतो, प्रति, मा. व्यवस्थापक, विषय, संदर्भ म्हणून पेपरातली जाहिरात नि तारीख, महोदय, वरील विषयास अनुसरून, आणि खाली आपला विश्वासू. हा साचा वाईट अजिबात नाही, संस्थेच्या शाळेत, पतसंस्थेत, सहकारी बँकेत अर्ज द्यायचा तर तसाच लिहावा, तिथे तो अपेक्षित असतो आणि आवक-जावक बघणाऱ्यालाही सोपं जातं. अडचण होते ती खाजगी कंपनीला लिहिताना, कारण साच्यासोबत त्यातली विनवणीही येते, घरची परिस्थिती, नोकरीची नितांत गरज, संधी दिल्यास आपला ऋणी राहीन, आणि हे सगळं खरं असलं तरी वाचणाऱ्या एचआरला त्यातून हा मुलगा काम काय करेल हे कळत नाही. इंग्रजीत लिहिणारे दुसऱ्या टोकाला जातात, हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर, हे तीन शब्द एवढ्या पत्रांत असतात की त्यांच्यावर नजर थांबतच नाही. चॅटजीपीटीकडून जसंच्या तसं उतरवलेल्या पत्राचंही तेच होतं, भाषा गुळगुळीत पण तुमचं असं त्यात काहीच नाही.

समजा चाकणच्या एखाद्या कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवाय आणि जाहिरातीत जीएसटी, टॅली आणि व्हेंडर पेमेंट असं लिहिलंय. आता 'मला अकाउंट्सचा दोन वर्षांचा अनुभव आहे' हे वाक्य चुकीचं नाही पण रिकामं आहे. त्याऐवजी 'सध्याच्या कंपनीत दर महिन्याला परचेसची बिलं जीएसटीआर-२बी शी जुळवून बघते, ज्या सप्लायरचं बिल तिथे दिसत नाही त्याला मीच फोन करते, आणि ११ तारखेच्या जीएसटीआर-१ चा डेटा टॅलीतून मीच काढते' असं लिहिलं (२बी म्हणजे सप्लायरांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर) की ज्याला हे काम माहितीय तो लगेच ओळखतो की ही मुलगी हे रोज करते. फ्रेशर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, आर्टिकलशिप म्हणजे सीएकडची उमेदवारी, काकांच्या दुकानाची वही सांभाळली असेल तर तीसुद्धा चालते, फक्त नेमकं काय केलं ते लिहा.

बाकी बांधणी सोपी आहे. पहिल्या दोन ओळींत कुठलं पद आणि जाहिरात कुठे पाहिली, ओळखीतल्या कोणी सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच त्यांचं नाव, मग कामाचा पुरावा, शेवटी नोटीस पिरियड आणि फोन नंबर. पगाराची अपेक्षा त्यांनी विचारली असेल तरच लिहा. आधीची नोकरी का सोडतोय याचं गाऱ्हाणं नको. ब्रिटिश पद्धतीत नावाने सुरुवात केली तर शेवटी 'युअर्स सिन्सिअरली' आणि सर-मॅडम असेल तर 'युअर्स फेथफुली' येतं. जर्मनीत आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत शिकायच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी, किंवा नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिथलं कव्हर लेटर, 'आनश्राइबन', लिहावं लागतं, तेही एकच पान, विषयाची ओळ असते पण तिच्याआधी 'विषय' असा शब्द घालत नाहीत.

सरकारी भरतीचे ऑनलाइन फॉर्म, वॉक-इन, कॅम्पस, इथे कव्हर लेटर सहसा लागत नाही. पण छोट्या कंपनीत जिथे मालक स्वतः मेल उघडतो तिथे त्याचा खूप उपयोग होतो, कारण अटॅचमेंट उघडायची की नाही हे तो मेलच्या पहिल्या चार ओळींवरून ठरवतो. म्हणून विषयात पदाचं नाव आणि स्वतःचं नाव टाका, फाइल पीडीएफ ठेवा आणि तिला 'न्यू फायनल २' ऐवजी स्वतःचं नाव द्या, आणि पाठवण्याआधी कंपनीचं नाव परत एकदा वाचा, कारण दहा ठिकाणी एकच मेल फिरवताना आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून जातं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर रिप्लाय करून दोन ओळींत विचारायला काहीच हरकत नाही.