प्रगतिपुस्तकातली श्रद्धा

सहावीच्या सहामाहीनंतर कन्नडच्या सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईनं दोनच शब्द लिहिले होते. आमच्या घरी कन्नड बोलता सगळ्यांना यायचं, निदान बाजारापुरतं. वाचता कुणालाच नाही. बाबांनी पुस्तक शेजारच्या अक्कांकडे नेलं. अक्कांनी चष्मा चढवला आणि वाचलं, "श्रद्धे इल्ल."

श्रद्धा नाही! आजी भडकली ती माझ्यावर नव्हे, सरांवर. "पोरगं रोज शुभंकरोती म्हणतंय, शनवारी मारुतीला जातंय. आणि काय करायचं त्यानं?" शेवटी अक्कांनीच उलगडा केला. सरांचं म्हणणं एवढंच होतं की मुलाचं अभ्यासात लक्ष नाही. मग आजीचा मोर्चा माझ्याकडे वळला, ते वेगळं.

मराठीत श्रद्धा देवावर असते, फार तर गुरूवर किंवा एखाद्या पुढाऱ्यावर. कन्नडमध्ये 'श्रद्धेयिंद ओदु' म्हणजे मन लावून अभ्यास कर. मल्याळममध्ये तर श्रद्धा म्हणजे सरळसरळ लक्ष, अवधान; सूचनांच्या पाट्यांवर तोच शब्द रंगवलेला असतो. संस्कृतातून निघालेला एकच शब्द, पण घाट उतरता उतरता त्याचा भक्तिभाव मागे पडला आणि एकाग्रता पुढे आली. भाषाशास्त्रात अशा जोड्यांना खोटे मित्र म्हणतात: चेहरा ओळखीचा, स्वभाव निराळा. सीमाभागात असे मित्र पावलोपावली भेटतात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधल्या बोलींचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. पिढ्यानपिढ्या शेजारी राहून तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना जवळजवळ एक झाली होती; शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले होते. म्हणजे वाक्याचा सांगाडा एकच, फक्त शब्द बदलायचे. बेळगावच्या बाजारात कान देऊन उभं राहिलं तर हे आजही ऐकू येतं. अशा ठिकाणी दोन्हीकडे एकच संस्कृत शब्द आला की माणूस बेसावध होतो आणि माझ्या आजीसारखा फसतो.

या शब्दाचं मूळ फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर एक अख्खं सूक्त आहे. श्रत् अधिक धा. धा म्हणजे ठेवणे. श्रत् म्हणजे काळीज, असं बरेच अभ्यासक मानतात. काळीज ठेवणं ती श्रद्धा. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतला हाच जोडशब्द लॅटिनमध्ये 'क्रेदो' (मी विश्वास ठेवतो) झाला आणि त्यातून आलं 'क्रेडिट'. आमच्याकडे गल्लोगल्ली क्रेडिट सोसायट्यांच्या पाट्या आहेत. त्यातल्या एखादीचं नाव 'श्रद्धा' असेल, तर पाटी रंगवणाऱ्यानं नकळत एकच शब्द दोनदा लिहिला, असं समजायला हरकत नाही.

आता इंग्रजीतल्या 'फेथ'कडे येऊ, कारण आपण श्रद्धेचं भाषांतर करताना बेधडक तोच शब्द वापरतो. त्याचं कूळ वेगळं. त्या पूर्वज भाषेतला मूळ धातू साधारण 'भेइध्' असा, विश्वास ठेवणे या अर्थाचा. पण मग भ चा फ कसा झाला? जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिबदलाचा नियम इथे उपयोगी पडतो. मूळ भाषेतला भ संस्कृतात भ च राहिला, लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला फ झाला आणि इंग्रजीच्या घराण्यात ब झाला. भ्राता, फ्रातेर, ब्रदर. 'भेइध्'पासून निघालेला शब्द अस्सल इंग्रजी असता, तर त्याची सुरुवात ब नं झाली असती. फ आहे म्हणजे माल लॅटिनकडचा, 'फिदेस'चा, आणि तोही जुन्या फ्रेंचच्या वाटेनं आलेला. गंमत शेवटच्या अक्षरात आहे. त्या जुन्या फ्रेंच शब्दाच्या टोकाला जीभ दाताला घासून निघणारा एक ध्वनी होता. फ्रेंचांनी तो टाकून दिला. आज ते नुसतं 'फ्वा' म्हणतात. इंग्रजांनी मात्र पाहुण्याचं सामान सांभाळावं तसा तो 'थ'च्या रूपात जपून ठेवला.

रोमन लोकांचा फिदेस मुळात देवभक्तीचा नव्हता. दिलेला शब्द पाळणं, करार निभावणं, भरवशाचं असणं, हा त्याचा गाभा. म्हणून त्याची पोरंबाळं देवळापेक्षा कचेरीतच जास्त दिसतात. तहसीलदार कचेरीबाहेर टायपिंगवाल्याकडून आपण जे अॅफिडेव्हिट करून घेतो ते याच घरातलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'त्यानं शपथेवर सांगितलं आहे'. फेडरल हा शब्दही त्याच धातूचा, कारण संघ म्हणजे आपसातला करार. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं हाय-फाय म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखणारं. वाय-फाय मात्र यात बसत नाही. ते १९९९ मध्ये हाय-फायच्या चालीवर बनवलेलं निव्वळ व्यापारी नाव. आमच्या भागातली रेंज बघता त्यात इमान नाही हे वेगळं सांगायला नको.

विश्वास या शब्दात श्वास आहे. वि अधिक श्वस्: मोकळा श्वास घेणं. समोरच्याजवळ छातीवरचं दडपण उतरतं, तो विश्वास. भीतीत श्वास उथळ आणि भरभर होतो, निर्धास्त झालं की संथ होतो, हे आजचं शरीरशास्त्र सांगतं. शब्द घडवणाऱ्यांनी ते नुसतं निरखून टिपलं असावं. आश्वासन, निःश्वास, विश्वस्त ही सगळी याचीच भावंडं. आश्वासन म्हणजे धाप लागलेल्याला श्वास घेऊ देणं. सीमाभागाला आश्वासनांचा तुटवडा कधीच पडला नाही, पण धाप काही कमी झालेली नाही.

कन्नडमध्ये विश्वासाला मायेचीही छटा आहे. 'प्रीती-विश्वास' अशी जोडीच बोलतात, आणि निघताना कुणी 'विश्वास इरली' म्हटलं तर तो तुमच्याकडून हमी मागत नसतो. लोभ असू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. निखळ भरवशासाठी त्यांचा घरचा द्राविडी शब्द आहे, 'नंबिके'. तमिळ आणि मल्याळममध्येही 'नंबु' म्हणजे भरवसा ठेवणं.

बेळगावच्या शहापुरात आमच्या कापडाच्या दुकानात रोज संध्याकाळी पिग्मीवाले येतात. ही दररोज थोडी थोडी ठेव गोळा करायची पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेनं, पुढच्या सिंडिकेट बँकेनं, दोन आण्यांपासून सुरू केली. गल्ल्यातून नोट काढायची, त्यांनी यंत्रातून चिठ्ठी फाडून द्यायची. पहिले सहा महिने आम्ही चिठ्ठी तपासून टाचणीला लावत होतो. आता ती न बघताच कात्रीखाली सरकवतो. कधी सुरू झालं हे, कुणालाच आठवत नाही.

जॉईस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केविन मॅकेब या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमकी ही पहिली नोट मोजून पाहिली. एकमेकांना न दिसणाऱ्या ३२ जोड्या. पहिल्याला दहा डॉलर. त्यातले हवे तेवढे त्यानं दुसऱ्याला पाठवायचे, वाटेत रक्कम तिप्पट होणार, आणि परत किती द्यायचं हे दुसऱ्याच्या मर्जीवर. हिशेबी माणसानं एकही डॉलर पाठवू नये. ३२ पैकी ३० जणांनी पाठवले, सरासरी पाचच्या थोडे वर. परत आले त्याहून किंचित कमीच. इंग्रजीत याला 'ट्रस्ट' म्हणतात, 'फेथ' नव्हे. चिठ्ठी तपासतो तोवर ट्रस्ट, कात्रीखाली गेली की फेथ, असं आपलं माझं मत.

कायद्याला असं मत चालत नाही. 'गुड फेथ', म्हणजे सद्भावपूर्वक, याच्या आपल्याकडे दोन व्याख्या आहेत आणि त्या जुळत नाहीत. १८९७ चा साधारण खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अॅक्ट, कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) म्हणतो, काम प्रामाणिकपणे केलं की पुरे. हलगर्जीपणा झाला तरी चालेल. १८६० ची दंडसंहिता म्हणत होती, योग्य ती काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भाव नाहीच. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनंही तेच ठेवलं. नुसतं मन साफ असून भागत नाही, लक्षही हवं. हे वाचलं तेव्हा मला कन्नडचे सर आठवले.

पुतणीची मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाठ्यपुस्तकं परवा टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. त्यांत छापलेल्या राज्यघटनेच्या सरनाम्यात इंग्रजीतल्या 'बिलीफ' आणि 'फेथ'साठी मराठीत 'विश्वास, श्रद्धा' आहे. कन्नडमध्ये फेथसाठी नुसतं 'श्रद्धे' नाही, 'धर्मश्रद्धे' आहे. भाषांतरकारानं धर्म पुढे जोडला नसता, तर कर्नाटकातल्या पोरांना घटनेनं मन लावून अभ्यास करण्याचं स्वातंत्र्य दिलं असतं.