शीतोपचार आणि बालकांमधील औषधगती

जन्मताना मेंदूला रक्त व प्राणवायू कमी पडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळावर शीतोपचार करतात. जन्मापासून ६ तासांच्या आत सुरुवात करून शरीराचे तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर ठेवतात आणि मग तासाला फार तर ०.५ अंश इतक्या सावकाशीने ते पूर्ववत करतात. या काळात बाळाला झटके, वेदना आणि संभाव्य जंतुसंसर्ग यांसाठी अनेक औषधे एकदमच चालू असतात. ती शरीरात पसरण्याचा, रूपांतरित होण्याचा आणि बाहेर पडण्याचा वेग आजार व गारवा दोन्हींमुळे बदलतो.

मुळात नवजात बाळाचे यकृत व मूत्रपिंडे अपरिपक्व असतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक यकृतात पुरेसे न बदलल्यामुळे बाळे राखाडी पडून दगावल्याचे १९५९ मध्येच नोंदले गेले होते. त्यात गंभीर आजाराची भर पडते. दाह वाढला की इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये यकृतातील सायटोक्रोम विकरे (औषधांचे रूपांतर करणारी एन्झाइमे) मंदावतात, त्यामुळे मिडॅझोलॅम हे गुंगीचे औषध शरीरात रेंगाळते. औषधाला धरून ठेवणारे रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटले की फेनिटॉइन या झटक्यांवरच्या औषधाचा मोकळा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा अंश वाढतो. केशवाहिन्यांतून द्रव झिरपून अंगावर सूज आली, तर जेंटामायसिनसारखे पाण्यात विरघळणारे प्रतिजैविक जास्त जागेत पसरून रक्तात पातळ होते. मात्र आजाराने औषधाचा निचरा, म्हणजे शरीराबाहेर पडणे, नेहमी कमीच होतो असे नाही. सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर झालेला गंभीर आजार) झालेल्या काही थोड्या मोठ्या मुलांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जोरात काम करतात आणि प्रतिजैविकाची पातळी उपयोगी मर्यादेखाली जाते. सरसकट डोस कमी करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

गारव्याने विकरांच्या रासायनिक क्रिया मंदावतात, हृदयाचे ठोके कमी होतात आणि यकृत-मूत्रपिंडांकडे जाणारे रक्तही घटते. शीतोपचारातील बाळांमध्ये मॉर्फिनची पातळी अपेक्षेहून बरीच वर जाऊ शकते. सुरुवातीचा भरणा डोस औषध किती जागेत पसरते यावर ठरतो, त्यामुळे तो बहुधा फारसा बदलावा लागत नाही. कपात करायची ती ड्रिपच्या वेगात, किंवा अंतर वाढवायचे ते दोन डोसांमध्ये. जेंटामायसिनचे उदाहरण बोलके आहे. दर किलोला ५ मिलिग्रॅम हा डोस २४ तासांनी दिल्यास पुढच्या डोसाआधी रक्तातली पातळी लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर राहण्याचा संभव वाढतो. अंतर ३६ तास केल्यावर तो पुष्कळ कमी होतो. या औषधाचा कानांना व मूत्रपिंडांना होणारा अपाय पाहता हे १२ तास मोलाचे आहेत.

औषधे एकमेकांवरही परिणाम करतात. फेनोबार्बिटोन हे झटक्यांवरचे औषध यकृतातील विकरांना चालना देते, त्यामुळे त्याच्याबरोबर दिलेल्या मिडॅझोलॅमचा निचरा वाढू शकतो. ऊब परत येताना निचऱ्याचा वेग वाढतो आणि झटके पुन्हा येण्याचा धोकाही याच तासांत असतो. त्यामुळे थंडीतला डोस तसाच पुढे ओढू नये.

डोसांची बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेतील अतिदक्षता विभागांतून आली आहे; नेदरलँड्स व बेल्जियममधील फार्माकूल हा त्यातला महत्त्वाचा अभ्यास. शीतोपचाराचा लाभही सर्वत्र सारखा नाही. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील हेलिक्स चाचणीत (२०२१) त्याने मृत्यू वा अपंगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढले. तिकडचे डोसांचे तक्ते आपल्या बाळांना जसेच्या तसे लावताना हे ध्यानात ठेवायला हवे.

सर्वांत नाजूक प्रश्न मेंदूच्या तपासणीचा आहे. साचलेले मॉर्फिन, मिडॅझोलॅम आणि फेनोबार्बिटोन यांमुळे बाळ निपचित पडते, हातपाय सैल राहतात, मेंदूचा विद्युत आलेखही दबलेला दिसतो. तीव्र मेंदूइजेतही चित्र असेच असते. फेनोबार्बिटोन तर नवजात बाळाच्या शरीरात कित्येक दिवस टिकते. ऊब आल्यावर लगेच केलेल्या तपासणीवरून आईवडिलांना बाळाच्या भवितव्याबद्दल काही सांगण्याआधी शेवटचा डोस कधी दिला हे पाहावे, शक्य तेथे रक्तातील पातळी मोजावी आणि औषध उतरल्यावर तपासणी पुन्हा करावी.