दुधातले एक्सोसोम आणि कासदाह: पार्श्वभूमी

गायीला दगडी (कासदाह) झाली की कास सुजते, सड गरम लागतो, धारेत गाठी येतात. सुप्त कासदाहात मात्र यातलं काहीच नजरेला पडत नाही. दूध दिसायला नेहमीचंच, फक्त हळूहळू कमी होत जातं. तो ओळखण्यासाठी १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही चाचणी बसवली. ती आज आपल्याकडच्या गोठ्यांतही चालते. चार खळग्यांच्या पॅडलमध्ये एकेका सडाच्या धारा घ्यायच्या, जांभळं द्रावण ओतायचं आणि पॅडल गोल फिरवायचं. बाधित सडाचं दूध घट्ट, चिकट होतं. द्रावणातल्या डिटर्जंटने पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएमुळे हा घट्टपणा येतो. थोडक्यात, या चाचणीत जंतू मोजले जात नाहीत, जंतूंवर धावून आलेल्या पेशींचा अंदाज येतो. पण त्या पेशींना कास बोलावते कशी आणि पुढे आवरते कशी, याचं उत्तर पॅडलवर मिळत नाही.

त्या उत्तराचा एक धागा गोठ्यापासून फार लांब सापडला. १९८३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा अभ्यास करत होत्या. पेशी पक्व होताना नको असलेले ट्रान्सफेरिन ग्राहक (लोह वाहणारं प्रथिन पकडणारे रेणू) बारीक पुटिकांत, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत, भरून बाहेर टाकते, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी सेंट लुईसच्या गटालाही उंदरांच्या पेशींत हेच आढळलं. १९८७ मध्ये या पुटिकांसाठी एक्सोसोम हे नाव रूढ झालं, पण पेशीचा केरकचरा म्हणून बरीच वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) एक्सोसोमवर प्रतिजन, म्हणजे परक्या वस्तूची ओळख पटवणारा तुकडा, मांडलेलं असतं आणि त्याने टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात. मग २००७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने त्यांच्यात आरएनए (जनुकांचा निरोप वाहणारे रेणू) असल्याचं आणि ते दुसऱ्या पेशीत पोचत असल्याचं दाखवलं. केरकचरा ही समजूत तिथे संपली.

त्याच वर्षी स्वीडनमधूनच आईच्या दुधातल्या एक्सोसोमवरचा अभ्यास आला. प्रयोगशाळेत या पुटिकांनी टी पेशींची दाहक रसायनं कमी केली आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींची संख्या वाढवली. २०१० मध्ये गायीच्या दुधातही आरएनए असलेल्या पुटिका सापडल्या. पुढे उंदरांना त्या पाजल्यावर त्यांचा संधिवात सौम्य झाला, असं नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलं. दूध पिणाऱ्या माणसाच्या रक्तात गायीचे मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे छोटे आरएनए) जातात, हा अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गटाचा २०१४ मधला दावा मात्र इतर गटांच्या प्रयोगांत टिकला नाही. बातम्यांनी उचलून धरला तो नेमका हाच दावा.

कासेचा विषय या गडबडीत मागेच राहिला. तिकडे वळले ते आयोवातल्या एम्सच्या राष्ट्रीय पशुरोग केंद्राचे राइनहार्ट आणि लिपोलिस. दूध फिरवून साय काढायची, केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) बाजूला करायचं, मग निवळी गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने तासाहून अधिक फिरवायची, की तळाशी पुटिकांचा थर बसतो. सांगायला सोपं आहे. पण केसीनचे कणही जवळपास एक्सोसोमएवढेच असतात आणि त्याच थरात येऊन बसतात. जुन्या निष्कर्षांवर शंका येते ती इथेच. या केंद्राने २०१२ मध्ये दुधाच्या एक्सोसोममधली दोन हजारांवर प्रथिनं नोंदवली आणि पुढच्या वर्षी स्टॅफिलोकोकस ऑरियस या कासदाहाच्या जंतूच्या संसर्गात त्यांचं प्रमाण कसं बदलतं ते मांडलं.

२०१५ मध्ये मायक्रोआरएनएची पाळी आली. चार होल्स्टीन गायींचं संसर्गाआधीचं आणि ४८ तासांनंतरचं दूध तपासलं, तेव्हा एमआयआर-२२३ आणि एमआयआर-१४२-५पी हे दोन मायक्रोआरएनए लवकर निदानासाठी उपयोगी पडतील असे दिसले. गायी चारच, त्यामुळे घाई नको. शिवाय एमआयआर-२२३ हा मुळात न्यूट्रोफिल या जंतूंवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये भरपूर असतो आणि त्यांना लगाम घालतो. कासेत न्यूट्रोफिल लोटले की दुधात तो वाढणारच. मग या पुटिका दाह आवरायला सोडलेल्या असतात, की गर्दी झाल्याची नुसती खूण? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तसं असेल तर निदानाला त्यांचा उपयोग होईल, पण उपचाराची आशा इतक्यात धरू नये.

त्यात आणखी एक गुंता आहे. स्टॅफिलोकोकस स्वतःही पुटिका सोडतो. कासदाहाच्या न्यूबोल्ड ३०५ या वाणाच्या पुटिका उंदराच्या स्तनग्रंथीत टोचल्यावर जिवंत जंतू नसतानाही दाह सुरू झाला, असं २०१८ मध्ये दिसलं. बाधित सडाच्या दुधात गायीच्या आणि जंतूच्या पुटिका एकत्र असतात, आकारानेही एकमेकींच्या जवळच्या. नुसत्या वेगाने फिरवून त्या नीट वेगळ्या होत नाहीत.